डोळ्यांनी फोन आणि कॉम्प्युटर कसा चालवावा

हात न लावता, नुसतं बघून फोन चालवायची सोय आता बऱ्याच जणांच्या खिशात आहे. फक्त ती कधी चालू केलेली नसते. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये आयओएस १८ पासून, म्हणजे २०२४ पासून, ती समोरच्या कॅमेऱ्यावर चालते. विंडोजमध्ये ‘आय कंट्रोल’ २०१७ पासून आहे, पण त्याला स्क्रीनखाली बसवायचा वेगळा आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं उपकरण, लागतो. ॲन्ड्रॉइडवर जरा वेगळ्या वाटेने तेच काम होतं.

अडचण पुढे येते. माणूस उत्साहाने ती चालू करतो, पॉइंटर स्क्रीनभर नाचतो, नको ती ॲप्स उघडतात आणि पाच मिनिटांत सगळं बंद होतं. यात यंत्राचा दोष थोडा असतो. जास्त करून आपण डोळ्याकडून हाताचं काम मागत असतो, म्हणून ते फसतं. डोळ्याने फक्त रोख दाखवायचा आणि ‘हेच हवं’ हे सांगायचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यायचं, एवढं धरून जुळवणी केली की गाडी रुळावर येते.

डोळा कसा फिरतो

वाचताना नजर ओळीवरून सरकत जाते असं वाटतं, पण ती उड्या मारत जाते. लुई एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने हे १८७९ मध्येच नोंदवलं. दोन उड्यांच्या मधे डोळा साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद टेकतो आणि खरं बघणं तेवढ्यातच होतं. त्या टेकण्यातही तो पूर्ण स्थिर नसतो, बारीक थरथर चालूच असते. शिवाय आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते एक-दोन अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या भागात. त्या भागात वस्तू आली की डोळ्याचं काम झालं. ती बरोबर मध्यावर आणायची त्याला गरजच नसते.

म्हणून यंत्र कितीही चांगलं असलं तरी माउसइतकी बारीक अचूकता मिळत नाही. ६० सेंटिमीटरवरून पाहताना स्क्रीनवरचा एक अंश म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर. चांगला इन्फ्रारेड ट्रॅकर अर्धा ते एक अंश इतका चुकतो, साध्या कॅमेऱ्यावरची पद्धत त्याहून जास्त. फोनच्या कीबोर्डवरची अक्षरं त्या चुकीपेक्षाही लहान असतात, हे लक्षात ठेवा. टायपिंगच्या वेळी उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डोळा सतत काहीतरी बघतच असतो. बघितलं की बटण दाबलं गेलं, असा नियम केला तर नुसतं वाचतानाही बटणं दाबली जाणार. रॉबर्ट जेकब या संशोधकाने १९९० च्या सुमारास या अडचणीला मिडास राजाचं नाव दिलं: हात लावेल ते सोनं होणारा राजा, ज्याला शेवटी घास खाणंही अशक्य झालं. पुढच्या जवळजवळ सगळ्या सेटिंग्ज हीच अडचण आवरण्यासाठी आहेत.

कोणती वाट घ्यायची

गंमत म्हणून किंवा चाचपणीसाठी हवं असेल तर हातातला फोन पुरे. रोज तासन्‌तास वापरायचं असेल, विशेषतः ज्याला दुसरा मार्गच नाही अशा माणसासाठी, तर फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इन्फ्रारेड ट्रॅकर डोळ्यावर न दिसणारा प्रकाश टाकतो. बुबुळावर त्याचा चकाकता ठिपका पडतो आणि तो ठिपका व बाहुलीचा मध्य यांतल्या अंतरावरून नजरेचा रोख काढला जातो. डोकं थोडं हललं तरी हा हिशोब बराचसा टिकतो. टोबी या स्वीडिश कंपनीचे ट्रॅकर यात सर्वांत जास्त दिसतात. विंडोजवर त्यांच्या जोडीला ‘ऑप्टिकी’ हा मोफत, मुक्त स्रोत कीबोर्ड घालता येतो.

आजारामुळे ही सोय हवी असेल तर आधी डोळे कुठे कुठे वळतात ते पाहा. एएलएसमध्ये, म्हणजे शरीराचे स्नायू हळूहळू निकामी होत जाणाऱ्या आजारात, हातपाय गेले तरी डोळ्यांचे स्नायू बहुधा उशिरापर्यंत साथ देतात, त्यामुळे तिथे नजरेचा पॉइंटर चांगला चालतो. लॉक्ड-इन सिंड्रोममध्ये (माणूस शुद्धीवर असतो, पण जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलेलं असतं) मात्र बऱ्याचदा नजर फक्त वर-खाली जाते आणि पापणी मिटते. आडवी हालचाल नसते. अशा माणसापुढे स्क्रीनभर फिरणारा पॉइंटर ठेवून उपयोग नाही, त्याला वर-खाली बघून ‘हो-नाही’ सांगण्याची पद्धत हवी. (स्टीफन हॉकिंग डोळ्यांनी टाइप करायचे असं अनेकांना वाटतं. ते गालाचा स्नायू हलवून टाइप करत, चष्म्याला लावलेला सेन्सर ती हालचाल टिपायचा. नजरेपेक्षा एक भरवशाचा स्नायू जास्त कामाचा ठरू शकतो.)

ॲन्ड्रॉइडवर ‘स्विच ॲक्सेस’मध्ये ‘कॅमेरा स्विचेस’ आहेत. डावीकडे बघणं, वर बघणं, हसणं, भुवया उंचावणं अशा हालचाली तिथे बटणासारख्या वापरता येतात. गूगलचं ‘लुक टू स्पीक’ तर फक्त डावीकडे, उजवीकडे आणि वर बघून आधी लिहून ठेवलेली वाक्यं बोलून दाखवतं. हे पॉइंटर चालवणं नव्हे, पण थकलेल्या डोळ्यांना ते सोपं जातं.

बसण्याची आणि उजेडाची जुळवणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक इथे घाई करतात आणि मग सेटिंग्जशी झगडत बसतात.

फोन हातात धरू नका. स्टँडवर, हलणार नाही असा ठेवा, चेहऱ्यापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर. कॉम्प्युटरच्या ट्रॅकरसाठी ६० सेंटिमीटर धरा. ट्रॅकर स्क्रीनच्या खालच्या कडेला लावतात, कारण खालून पाहिलं की पापणी बाहुलीच्या आड येत नाही. पडून वापरणाऱ्यासाठी स्क्रीन चेहऱ्याला समांतर तिरपी करा. माणसाला स्क्रीनप्रमाणे नका वळवू, स्क्रीनला माणसाप्रमाणे वळवा. डोक्यामागे उशीचा आधार हवाच.

खिडकीतून थेट ऊन चेहऱ्यावर येत असेल तर पडदा ओढा. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, ट्रॅकरचा ठिपका त्यात हरवतो. फोनच्या कॅमेऱ्याला उलटी अडचण: अंधारात त्याला डोळाच नीट दिसत नाही. म्हणजे चेहऱ्यावर मऊ, सारखा उजेड हवा आणि पाठीमागे झगझगीत दिवा नको.

चष्मा असेल तर आधी काच पुसा. काचेवर दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यासमोरच येत असेल तर स्क्रीन किंचित खालीवर करा. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह काचा सर्वांत त्रासदायक, कारण नजर एका भागातून दुसऱ्यात गेली की डोळ्याची प्रतिमा बदलते. एकाच नंबरचा, स्क्रीनच्या अंतराचा चष्मा असेल तर तोच वापरा. दाट मस्काराही बाहुली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवू शकतो.

कॅलिब्रेशन

आयफोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, आय ट्रॅकिंग असं जाऊन चालू करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, आय कंट्रोल. ट्रॅकरचं सॉफ्टवेअर त्याआधी बसवलेलं हवं. मग स्क्रीनवर एक ठिपका जागा बदलत जातो आणि आपण त्याच्याकडे बघत राहायचं. हेच कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राला आपल्या डोळ्याची ओळख करून देणं.

हे का लागतं? प्रत्येकाच्या डोळ्याची गोलाई वेगळी असते. शिवाय आपण ज्या रेषेने बघतो ती डोळ्याच्या मध्यरेषेवर नसते, साधारण पाच अंश बाजूला असते आणि हा फरकही माणसागणिक बदलतो. तो आधी मोजल्याशिवाय यंत्राला नेमका रोख कळत नाही.

ठिपका पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधू नका, तो गेला की मग जा. हुशार माणसं इथे हमखास चुकतात: नजर आधीच पुढच्या जागेवर आणि यंत्र मोजतंय मागची. डोकं स्थिर, पण मान आखडलेली नको. ज्या अवस्थेत पुढे काम करणार त्याच अवस्थेत कॅलिब्रेशन करा. एक डोळा तिरळा किंवा अधू असेल तर जिथे पर्याय असेल तिथे चांगला डोळा एकटाच निवडा.

नंतर तपासणी करा. चारही कोपरे आणि मध्य, पाच ठिकाणी बघा. पॉइंटर सगळीकडे एकाच दिशेने सरकलेला दिसला तर बहुतेक बसण्याची जागा बदललेली असते, पुन्हा कॅलिब्रेट करा. एकाच कोपऱ्यात गडबड असेल तर उजेड किंवा चष्मा बघा. आयफोनवर मूळ सेटिंगमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यावर नजर रोखून धरली की कॅलिब्रेशन पुन्हा सुरू होतं.

निवड कशी करायची

सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे नजर रोखणं: ठरावीक वेळ एकाच जागी बघत राहिलं की टॅप होतो. आयफोनवर आय ट्रॅकिंग चालू केलं की हे आपोआप चालू होतं आणि त्याचा वेळ ‘असिस्टिव्हटच’ या सेटिंगमध्ये बदलता येतो. सुरुवात एका सेकंदाने किंवा थोड्या जास्तीने करा. कमी ठेवलात तर मिडास राजा परत येतो, फार वाढवलात तर डोळे ताणून पाणी येतं.

वेळ सरावाने खाली येतो, आणि चांगलाच येतो. फिनलंडमधल्या टांपेरे विद्यापीठातल्या २००९ च्या एका अभ्यासात नवशिक्यांना हा वेळ स्वतःच कमी-जास्त करू दिला होता. दहा बैठकींत त्यांची सरासरी ८७६ वरून २८२ मिलिसेकंदांवर आली आणि टायपिंग मिनिटाला साधारण ७ शब्दांवरून २० वर गेलं. म्हणून पहिल्या दिवशीच्या वेगावरून मत बनवू नका आणि वेळ कमी करताना लहान टप्पे घ्या.

एखादं बोट, पाय किंवा डोकं थोडंसं जरी हलवता येत असेल तर रोखण्याच्या भानगडीत पडूच नका. नजरेने रोख दाखवा आणि मोठं स्विच दाबून निवडा. ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटमध्येही हेच तत्त्व आहे: बघायचं डोळ्यांनी आणि निवडायचं बोटांची चिमूट करून. नजर मोकळी राहते, वाचता येतं, चुका झपाट्याने कमी होतात.

मग पॉइंटरची थरथर. ‘स्मूदिंग’ वाढवलं की तो शांत होतो पण मागे रेंगाळू लागतो. मधली जागा आपली आपण शोधावी लागते. ‘स्नॅप टू आयटम’ चालूच ठेवा, त्यामुळे पॉइंटर जवळच्या बटणाला जाऊन चिकटतो आणि अर्ध्या अंशाची चूक झाकली जाते. अक्षरं आणि बटणं मोठी करा, होम स्क्रीनवरची गर्दी काढा, नेहमीची ॲप्स एकमेकांपासून दूर ठेवा. कोपऱ्यांतलं बघणं सर्वांत कमी अचूक असतं, तेव्हा ‘डिलीट’सारख्या घातक गोष्टी तिथे नकोत.

थांबायची जागा आधी ठरवा. विंडोजमध्ये आय कंट्रोलची बटणांची पट्टी (लाँचपॅड) स्क्रीनवर असते, तिच्यावर ते थांबवायचं बटण असतं. लांबलचक मजकूर वाचताना किंवा समोरच्याशी बोलताना ते वापरा, नाहीतर बोलता बोलता फोन तिसऱ्यालाच लागायचा.

टायपिंग सगळ्यात शेवटी

पहिले काही दिवस फोटो पुढे-मागे करणं, गाणं लावणं, थांबवणं एवढंच करा. टायपिंगने सुरुवात केली की माणूस हमखास कंटाळतो.

कीबोर्डवर नजर गेली की अक्षरं मोठी दिसावीत, अशी सोय आयफोनच्या आय ट्रॅकिंगमध्ये आहे. ती चालू करा. देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरांमुळे एका शब्दाला जास्त निवडी लागतात, म्हणून शब्द सुचवणारी पट्टी हीच खरी बचत. दोन-तीन अक्षरं झाली की पट्टीकडे बघायची सवय लावा. नेहमीची वाक्यं आधीच साठवून ठेवा: पाणी हवं, कूस बदला, दिवा बंद करा, दुखतंय. हे शब्द दर वेळी अक्षर अक्षर जुळवायला लावणं म्हणजे माणसाची परीक्षा बघणं आहे.

डोळे कोरडे पडतात, कारण रोखून बघताना पापणी कमी मिटते. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांवर थांबा. दिवस उतरणीला लागला की अचूकताही घसरते. पापणी जड होऊन बाहुली झाकते. तेव्हा पुन्हा कॅलिब्रेट करण्यापेक्षा विश्रांती बरी.

नजरेचा डेटा

आपण कशाकडे किती वेळ बघतो यावरून आवड, थकवा, लक्ष असं बरंच काही ताडता येतं. ॲपल सांगतं की आय ट्रॅकिंगचं सगळं गणित फोनवरच होतं आणि डेटा बाहेर जात नाही. इतर ॲप्स आणि वेबकॅमवर चालणाऱ्या साइट्सबद्दल असं गृहीत धरू नका. कॅमेऱ्याची परवानगी देण्याआधी प्रक्रिया कुठे होते ते वाचा, काम झालं की परवानगी काढून घ्या.

वीज गेली तर

ज्याचं बोलणं नजरेवर अवलंबून आहे त्याच्या घरी बॅटरी न लागणारी पद्धतही हवी. ई-ट्रॅन फलक त्यासाठीच असतो: पारदर्शक प्लॅस्टिकचा तक्ता, मधे मोकळी चौकट, कडांना अक्षरांचे गट. तो दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरायचा. समोरचा आधी गटाकडे बघतो, मग त्या गटातल्या अक्षराचा रंग किंवा जागा नजरेने दाखवतो. धरणारा ते अक्षर मोठ्याने बोलून खात्री करून घेतो. ‘हो’ला वर बघणं की पापणी मिटणं, हे तब्येत बरी असतानाच ठरवा आणि सरावही तेव्हाच करा. घरातल्या किमान दोघांना तो वाचता यायला हवा.