मातकट, उबदार रंगांनी गोव्यातील घर कसे रंगवावे

दुकानातील शेड-कार्डावर वाळू, गहू, बदाम, चंदन अशा नावांनी मांडलेल्या छटा जवळपास सारख्याच दिसतात, आणि या रंगांची खरी अडचण तीच आहे. निळा किंवा हिरवा रंग चुकला तर लगेच लक्षात येते. मातकट छटा चुकली तर भिंत नुसतीच मळकट किंवा उगाच गुलाबीसर वाटत राहते आणि त्याचे कारण सहजासहजी सापडत नाही. म्हणून निवडीची सुरुवात कार्डापासून न करता, घरातील जे बदलणार नाही त्यापासून, म्हणजे जमीन, लाकूड आणि जांभ्या दगडाचा उघडा चिरा यांच्यापासून करावी.

जमिनीवरून भिंतीकडे

प्रत्येक मातकट छटेत पिवळी, गुलाबी, हिरवट किंवा करडी झाक दडलेली असते. ती ओळखण्यासाठी कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावे. शेजारी शुद्ध पांढरा असला की झाक उघडी पडते. त्यानंतर तेच कार्ड जमिनीला टेकवून पाहावे. जुन्या घरांतील लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन स्वतःचा तांबूसपणा भिंतीच्या खालच्या भागावर फेकते, त्यामुळे तेथे गुलाबी झाकेची बदामी छटा घेतल्यास ती आणखी गुलाबी दिसते. अशा खोलीत पिवळ्या झाकेची साय किंवा फिका गव्हाळ रंग शोभतो. हिरवट करड्या कोटा फरशीबरोबर खाकीकडे झुकणारी वाळूची छटा चांगली बसते. फ्लॅटमधील चकचकीत क्रीम टाइल्स बहुधा किंचित गुलाबी असतात. त्यांच्याशेजारी पिवळट भिंत जुनाट दिसते, तेव्हा तेथे करड्या झाकेची वाळू घ्यावी. सागवानी किंवा फणसाच्या लाकडाची दारे आणि वासे असतील तर भिंत त्या लाकडाहून बरीच फिकी ठेवावी, कारण दोन्ही एकाच गडदपणाची झाली की लाकडाचे सौंदर्य हरवते.

जांभ्याचा तांबडा रंग आवडतो म्हणून सगळी बैठकीची खोली विटकरी करण्याचा मोह गोव्यात अनेकांना होतो. कोकण किनाऱ्यावरील कावी कलेकडे पाहिले तर त्याहून संयमी मार्ग दिसतो. मोरजीच्या मोरजाई मंदिरासारख्या वास्तूंत पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यात काव या तांबड्या मातीने आकृत्या उमटवल्या आहेत, आणि अवघ्या दोन रंगांत भिंत भरून दिसते. घरातही काव किंवा गेरूची छटा खिडकीच्या चौकटीला, खालच्या पट्ट्याला, देवखोलीच्या एका कोनाड्याला अथवा वसरीच्या मागच्या भिंतीला द्यावी आणि उरलेला विस्तार फिक्या छटेकडे ठेवावा. ढोबळ मानाने 60 टक्के फिकी छटा, 30 टक्के मध्यम आणि 10 टक्के गडद हे प्रमाण चालते, मात्र त्यात पडदे, लाकूड आणि जमीनही धरावी.

पावसाळी उजेडाची परीक्षा

बहुतेक लोक डिसेंबरच्या लख्ख उन्हात रंग पसंत करतात आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगाळ उजेडात त्याच भिंतीकडे पाहून खट्टू होतात. खोल बाल्कांव (दारापुढची छपराची बैठक), उतरती कौले आणि खिडकीबाहेरील माड किंवा फणस यांमुळे गोव्यातील खोल्यांत उजेड मुळात कमी पोहोचतो, शिवाय झाडांवरून परतणारा प्रकाश भिंतीवर हिरवट छाया टाकतो. या हिरव्या छायेत करड्या झाकेची छटा निस्तेज होते, तर हलकी पिवळी किंवा पीचकडे झुकणारी छटा तग धरते. अनेक कंपन्या प्रत्येक शेडचा प्रकाश-परावर्तनाचा आकडा देतात. तो 0 ते 100 या मोजणीत असतो. अंधाऱ्या खोलीसाठी 65 किंवा त्याहून अधिक आकड्याची छटा शोधावी, आणि पश्चिमेचे ऊन थेट येणाऱ्या खोलीत 50 च्या आसपासची छटाही चालून जाते.

नमुन्यासाठी थेट भिंतीवर फटकारे मारू नयेत, कारण जुना रंग नव्या छटेला बिघडवतो. साधारण दोन फूट लांबी-रुंदीच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर दोन हात देऊन, कडेला पांढरी चौकट सोडून तो तुकडा वेगवेगळ्या भिंतींवर टेकवावा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर असा पाहावा. रंग पूर्ण वाळल्याशिवाय मत बनवू नये. इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) बहुधा वाळल्यावर किंचित गडद होते. रात्री पाहताना दिव्याचाही विचार हवा: 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप, डब्यावर छापलेले असते) पिवळसर एलईडी मातकट रंगांची ऊब खुलवतो, तर 6500 केल्विनचा पांढराशुभ्र दिवा तीच भिंत राखाडी करून टाकतो. कित्येकदा रंग बदलण्याऐवजी दिवा बदलला तरी काम भागते.

ओल आधी, रंग नंतर

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी घर रंगवून घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे, पण भर पावसात आतल्या भिंतीही पुरत्या वाळत नाहीत. चवथीसाठीचे काम एप्रिल-मेमध्ये उरकावे, नाहीतर दसऱ्यानंतर हाती घ्यावे. ओल तपासण्यासाठी दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून 24 तास ठेवावा. आतल्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. गळके कौल, तुंबलेले पन्हाळे किंवा फुटलेला नळ आधी दुरुस्त करावा. लोणा, म्हणजे भिंतीवर उमटणारा पांढरा क्षार, फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा, पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. बुरशी असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून पुसावी. त्यात कोणतेही ॲसिड किंवा अमोनियायुक्त द्रव्य मिसळू नये. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान 28 दिवस द्यावेत.

जांभ्याच्या, चुना-मातीने बांधलेल्या जुन्या घरांची गोष्ट निराळी आहे. त्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. वर प्लास्टिकसारखा थर बसवला की ती आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. अशा भिंतींना चुन्याची सफेदीच योग्य. पिवडी (पिवळी माती), गेरू, काव हे खनिज रंग चुन्यात टिकतात, मात्र त्यांचे प्रमाण चुन्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावे, नाहीतर हाताला रंग लागतो. भिंत आधी पाण्याने भिजवून घ्यावी, पातळ असे तीन-चार हात द्यावेत, आणि ओला चुना गडद दिसून वाळल्यावर बराच फिका होतो हे आधीच गवंड्याशी बोलून घ्यावे. चुना डोळ्यांना आणि त्वचेला भाजतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत.

रंगकाम

सिमेंटच्या भिंतीवर खरवडणे, पुट्टी, घासकाम, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात हा क्रम कोणत्याही रंगाऱ्याला ठाऊक असतो. लक्ष फक्त दोन हातांमधील वेळेकडे द्यावे, कारण दमट हवेत डब्यावर छापलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ लागतो. मातकट रंगांना चकाकी मानवत नाही, त्यामुळे बैठकीला आणि झोपण्याच्या खोलीला मॅट आणि स्वयंपाकघराला पुसता येईल अशी सौम्य चकाकी घ्यावी. छतासाठी निळसर पांढरा टाळून भिंतीच्याच झाकेचा मोतिया पांढरा वापरावा.

रंग किती लागेल ते आधी मोजावे. 10 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीच्या भिंती 440 चौरस फूट भरतात. एक दार आणि दोन खिडक्यांचे सुमारे 50 वजा केल्यास 390 उरतात. या आकड्याला डब्यावरील दोन हातांच्या व्याप्तीने, म्हणजे एका लिटरमध्ये रंगणाऱ्या चौरस फुटांनी, भागावे आणि दहावा हिस्सा वाढवून घ्यावा. यंत्रावर मिसळलेल्या मातकट शेडमध्ये डब्याडब्यांत सूक्ष्म फरक पडतो, म्हणून एका खोलीचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच काम सुरू करावे. उरलेला रंग हवाबंद बाटलीत भरून त्यावर शेडचा क्रमांक, खोलीचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या पावसाळ्यानंतर एखादा कोपरा दुरुस्त करताना तोच लागेल.