व्यसनमुक्तीवर शॉर्ट फिल्म करताय? या चुका टाळा

दारू सोडून नव्यानं उभं राहणाऱ्या माणसाची गोष्ट १२-१५ मिनिटांत बसवायची म्हटली की एक शॉट हमखास येतो. बाटली भिंतीवर फुटते, काचा स्लो मोशनमध्ये उडतात आणि दुसऱ्या सकाळी नायक इस्त्रीच्या शर्टात कामावर हजर. हा शॉट कृपा करून घेऊ नका. तो खोटा आहे आणि घातकही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात आणि प्रसंगी जिवावर बेततं. म्हणूनच हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायचे असतात. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून या कामात आहे. लिहायच्या आधी अशा केंद्रातल्या समुपदेशकांशी बोला, निम्मी पटकथा तिथेच सुधारते.

बाटलीऐवजी कपबशी दाखवा. कप बशीवर खडखडतो, चहा सांडतो, बायको काही न बोलता पुढचा कप अर्धाच भरते. क्लोजअप ८-१० सेकंद तसाच ठेवा, मध्ये कट नको. नटाला हात हलवायला सांगू नका, हात स्थिर ठेवायचा प्रयत्न करायला सांगा. थरथर खरी वाटते ती त्या धडपडीमुळे.

माफीचा सीन रडारडीवर संपवणं ही दुसरी घाई. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या १२ पायऱ्यांत आठवी आहे दुखावलेल्या माणसांची यादी करण्याची आणि नववी शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करण्याची. तेव्हा नायकाला वाण्याकडे पाठवा. वाणी नोटा मोजतो, उधारीच्या वहीतली एकच ओळ खोडतो, बाकीच्या तशाच राहतात. संवादाची गरजच नाही. व्हायोलिन तर नकोच.

आता दाढी. बदल दाखवायला नट दाढी काढतो आणि युनिट तिथेच फसतं. ठरलेली गोष्ट आहे: दोन दिवसांचं शूट, पहिल्या संध्याकाळी ‘झालं सगळं’ म्हणून नट वस्तरा फिरवतो. रात्री फुटेज पाहताना कळतं, स्वयंपाकघरातल्या मुख्य सीनमध्ये फोकस नायकावर नाही, मागच्या डब्यांवर आहे. मग चिकटवलेली दाढी. लाँग शॉटमध्ये खपते, क्लोजअपमध्ये गालाच्या कडेला गोंद चमकतो. शेवटी फिल्ममधला सगळ्यात महत्त्वाचा सीन लांबूनच घ्यावा लागतो. एक दिवस वाचवायच्या नादात हे घडतं.

शूटचा क्रम असा ठेवा: भरगच्च दाढी, मग खुरटी, मग गुळगुळीत, कथेत क्रम काहीही असो. फुटेज दोन ड्राइव्हवर उतरवा, हेडफोन लावून पूर्ण पाहा, मगच वस्तरा. मध्ये एक दिवस मोकळा सोडा. दाढी काढतानाचा सीन असेल तर दोन कॅमेरे लावा, त्याला रीटेक नाही.

ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. प्रत्येक खोलीत ३० सेकंद सगळ्यांना गप्प बसवून नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. पंखा आणि फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं राहून जात नाही.