लांबच्या विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ : या चुका टाळा

टोकियोहून सायंकाळी पाचला सुटणारे विमान त्याच तारखेला सकाळी दहाला लॉस एंजेलिसला उतरते, असे तिकिटावर वाचले की पुष्कळांना ती छपाईची चूक वाटते. प्रत्यक्षात सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते. हिवाळ्यात टोकियो लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असते. पोहोचण्याच्या वेळेत हे १७ तास मिळवले, की टोकियोच्या घड्याळात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे तीन वाजतात आणि प्रवास १० तासांचा ठरतो. उन्हाळ्यातही १७ हाच आकडा धरला, तर उत्तर तासाभराने चुकते, कारण अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळे एक तास पुढे सरकवलेली असतात आणि जपानमध्ये ती सरकवतच नाहीत. गोंधळ होत असेल, तर दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून मगच वजाबाकी करावी.

दुसरी चूक अंतराला वेगाने भागण्याची. या दोन शहरांमधले हवाई अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर आहे. त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागले की जेमतेम दहा तास येतात, आणि वरच्या तिकिटाशी ते जुळतात, म्हणूनच ही रीत अधिक फसवी आहे. परतीच्या प्रवासाला तीच लावून पाहिली, तर ती कोलमडते. जेट स्ट्रीम हा उंचावरचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि टोकियोकडे जाताना तो समोरून येत असल्यामुळे साडेअकरा-बारा तास सहज लागतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत विमान धावपट्टीपर्यंत नेण्याची मिनिटेही धरलेली असतात.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणे तर सोडूनच द्यावे. टोकियो आणि लॉस एंजेलिस जवळजवळ एकाच अक्षांशावर असूनही पृथ्वीगोलावर त्यांच्यामध्ये ताणून धरलेला दोरा उत्तर पॅसिफिकमध्ये बराच वर सरकतो, आणि सर्वांत जवळची वाट तीच असते. अर्थात, विमान त्या वाटेने जाईलच असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला, नकाशावरचे अंतर मात्र तेवढेच राहिले. त्यामुळे जुन्या माहितीवरून वेळ ठरवू नये.

एककही तपासावे. ८,८०० किलोमीटर म्हणजे सुमारे ४,७५० सागरी मैल. हे साधे मैल समजून १.६ ने गुणले, तर हाती ७,६०० किलोमीटरच येतात. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

शेवटी विमानतळाची संकेताक्षरे पाहावीत. कॅलिफोर्नियातले सॅन होजे एसजेसी आहे आणि कोस्टा रिकाचे एसजेओ. एक अक्षर चुकले, की मोजलेले अंतर भलत्याच देशाचे निघते.