फॉस्फो-एकेटीचा बँड फिका आणि मेम्ब्रेन काळा: माझा अनुभव

लक्षण असं: वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटिबॉडीने शोधायची पद्धत) एकूण एकेटीचा (पेशीतलं एक संदेशवाहक प्रोटीन) ६० किलोडाल्टनजवळचा बँड ठसठशीत, पण त्याच्या ४७३ व्या जागेवरच्या सेरीनवर फॉस्फेट असेल तरच चिकटणाऱ्या फॉस्फो-अँटिबॉडीने तिथे जेमतेम सावली आणि बाकी मेम्ब्रेन काळवंडलेला. अँटिबॉडी वाढवली, एक्स्पोजर लांबवलं, नवा लॉट आणला. वाढली ती फक्त पार्श्वभूमी. अक्षरशः वैताग आला.

मूळ लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात होतं. त्यात फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम्स) रोखायला फक्त ऑर्थोव्हॅनाडेट होतं, आणि ते प्रामुख्याने टायरोसीन फॉस्फेटेज अडवतं. सेरीनवरचा फॉस्फेट पेशी फुटताच उडत होता. शिवाय ब्लॉकिंगच्या (मेम्ब्रेनची रिकामी जागा झाकायच्या) दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असतं, त्यामुळे पार्श्वभूमी वाढू शकते.

चाललेला क्रम:

पेशी रात्रभर सीरमविना ठेवा. एका डिशला १०० नॅनोमोलर इन्सुलिन, १५ मिनिटं. इन्सुलिनने एकेटीवर फॉस्फेट चढतो; हा पॉझिटिव्ह कंट्रोल सोडू नका. डिश थेट बर्फावर, गार पीबीएसने (फॉस्फेट बफर सलाइन) एकदा धुवा. लायसिस बफरमध्ये आयत्या वेळी सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर, ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर आणि प्रोटिएज इनहिबिटर घाला. सॅम्पल बफर मिसळून ९५ अंशांवर ५ मिनिटं.

ट्रान्सफरनंतर ०.१ टक्का ट्वीन (डिटर्जंट) असलेल्या टीबीएसमध्ये (ट्रिस बफर सलाइन) ब्लॉकिंगला दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), १ तास. प्रायमरी १:१००० त्याच द्रावणात, ४ अंशांवर रात्रभर. धुणं ५-५ मिनिटं तीनदा, सेकंडरी १ तास, पुन्हा तसंच धुणं.

इन्सुलिनच्या लेनमध्ये गडद, एकेरी बँड आला. उपाशी पेशींची लेन जवळपास कोरी. एकूण एकेटी मात्र स्ट्रिपिंगनंतरच (मेम्ब्रेनवरची आधीची अँटिबॉडी काढून टाकल्यावर) बघा, आधी नको: स्ट्रिपिंगमध्ये थोडं प्रोटीन जातंच, आणि फॉस्फोचा नाजूक सिग्नल ते सोसत नाही.