मोठ्या कंपन्यांच्या वेबसेवा वापरा, पण आपला डेटा आपल्याजवळ कसा ठेवाल?

याहूने जिओसिटीज ही फुकट वेबपानं बनवून देणारी सेवा १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. लोकांनी हौसेने, रात्री जागून बनवलेली असंख्य पानं तिच्याबरोबर गेली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढी उतरवून घेतली, म्हणून थोडीफार वाचली. वेगवेगळ्या साइटवरचं नवं लेखन एका जागी वाचायला देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. गूगलचीच समाजमाध्यमंही गेली: ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. रीडरवर तर लोकांचा जीव होता, पण कंपनीच्या हिशेबात ते बसेना.

म्हणून या सेवा वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. मीही त्या दिवसभर वापरतो आणि त्यातल्या कित्येक खरोखर उत्तम आहेत. फक्त, आत शिरतानाच बाहेर पडायची वाट माहीत हवी. ती तयार ठेवायला सुट्टीचा एक दिवस पुरतो.

आधी कागदावर यादी करा. कोणत्या खात्यात काय आहे आणि कोणत्या खात्याच्या आधाराने दुसरीकडे लॉगिन करता, एवढंच लिहा. ‘गूगलने साइन इन करा’ असं बटण दाबून उघडलेली खातीही धरा. बहुतेकांची यादी एकाच ईमेल पत्त्यापाशी येऊन थांबते. ते खातं बंद पडलं तर काय काय अडेल, हे त्या कागदावर लगेच दिसतं.

मग डेटा उतरवून घ्या. गूगलसाठी ‘टेकआउट’ हे पान आहे, तिथून आपला डेटा मागवता येतो. तिथे सुरुवातीला जवळपास सगळ्याच सेवांवर टिक असते; ती काढून टाका आणि एका वेळी एक-दोनच निवडा. सगळं एकदम मागवलं की ढीगभर झिप फाइली हातात पडतात आणि त्या कुणी उघडत नाही. मेल एमबॉक्स नावाच्या फाइलमध्ये येते, संपर्क व्हीकार्डमध्ये; दोन्ही प्रकार दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडतात. फोटो निवडताना वर्षावार किंवा अल्बमवार निवडता येतात, त्याचा फायदा घ्या. फाइल तयार झाली की मेलवर लिंक येते. तिची मुदत साधारण आठवडाभराचीच असते, तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणू नका. वर्षभर दर दोन महिन्यांनी आपोआप फाइल तयार होईल अशी सोयही तिथेच आहे.

फेसबुकवर आपली माहिती उतरवून घ्यायचा पर्याय सेटिंग्जमध्ये सापडेल. स्वतः वाचायला एचटीएमएल घ्या, ते ब्राउझरमध्ये उघडतं. दुसऱ्या सेवेत न्यायचं असेल तर जेसॉन, म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येईल अशी मजकुराची फाइल. ब्लॉगरवर लिहीत असाल तर सेटिंग्जमधून मजकुराचा बॅकअप घेता येतो, पण चित्रं वेगळी सांभाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच टाळतात. उतरवलेली फाइल उघडून बघा. झिप सोडवा. एमबॉक्स थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये घाला आणि एखादी जुनी मेल शोधून काढा. फोटोंच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी जेसॉन फाइल दिसेल. कचरा समजून ती उडवू नका, कारण तुम्ही नंतर दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेलं वर्णन तिच्यातच असतं. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही. खात्री पटली की एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या जागी ठेवा.

यापुढची पायरी थोडी खर्चाची आहे: स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपल्या नावाने नोंदवलेलं नाव. वेबसाइटचा आणि ईमेलचा पत्ता आपल्या डोमेनवर असला की मागची सेवा कधीही बदलता येते. ते नाव कोणत्या सेवेकडे न्यायचं हे सांगणाऱ्या, डीएनएसमधल्या नोंदी तेवढ्या बदलायच्या. लोकांकडे असलेला पत्ता तोच राहतो. मात्र दरवर्षीचं नूतनीकरण चुकवू नका, आणि डोमेनची नोंदणी दुसऱ्या कुणाच्या नावावर करू नका.

खात्याची कुलूपकिल्लीही बघून घ्या. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) चालू करा आणि गूगल देतं ते दहा बॅकअप कोड छापून कागदपत्रांत ठेवा. फोन हरवला की तेच उपयोगी पडतात. दोन वर्षं हात न लावलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून जुन्या खात्यांत अधूनमधून लॉगिन करत राहा. ‘निष्क्रिय खातं’ या सेटिंगमध्ये तुमच्यामागे डेटा कुणाला मिळावा हेही नोंदवता येतं. घरच्यांसाठी ते आजच भरून ठेवा.

इथून पुढे नवी सेवा घेताना वैशिष्ट्यांची यादी वाचण्याआधी ‘एक्सपोर्ट’, म्हणजे डेटा बाहेर काढायची सोय, शोधा. रीडर बंद पडलं तेव्हा ज्यांनी आपल्या फीडची, म्हणजे वाचत असलेल्या साइटची, यादी ओपीएमएल या सगळीकडे चालणाऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये काढून घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या सेवेत घालता आली. तेव्हा एक्सपोर्ट आहे का, आणि फाइल दुसरीकडे उघडते का, हे दोन-चार नोंदी टाकून आधीच करून पाहा. नसेल तर तिथे फक्त तेच ठेवा, जे गेलं तरी चालेल.