रोडस्टरला नवा ईसीयू बसवण्याआधी

पार्सल दारात आलं की हात शिवशिवतात. तरीही तो खोका महिनाभर कपाटात राहू द्या. जुन्या स्पोर्ट्स कारला स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा, आपण स्वतः ट्यून करायचा कॉम्प्युटर) बसवणं म्हणजे जुन्या इंजिनाला पहिल्यांदा खरं बोलायला लावणं. मूळ ईसीयू तीस वर्षं बरंच काही पोटात घालत आलेला असतो, नवा काहीच पोटात घालत नाही. अर्थ सैल असेल, हवा कुठून तरी चोरून आत जात असेल, तर ते सगळं लॅपटॉपवर उड्या मारणाऱ्या आकड्यांत दिसतं आणि आपण मॅप (किती इंधन, कधी ठिणगी हे ठरवणारा तक्ता) चुकलाय असं समजून मॅपच बिघडवत बसतो.

माझी गाडी १९९१ची माझदा एमएक्स-५, दोन सीटची, कापडी टपाची रोडस्टर, १.६ लिटर. आधीचे मालक परदेशातून परतताना घेऊन आले होते, आता तिचा मुक्काम ठाण्यात कोलशेत रोडजवळ आहे. पुढचं सगळं तिच्यावरून सांगतोय, पण नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही जपानी गाडीला यातलं निम्मं तरी लागू पडेल.

सुरुवात इंजिनाच्या तब्येतीपासून. गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन टेस्ट करा. चार सिलिंडरच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ईसीयूचा विचार बाजूला ठेवा, आधी हेड किंवा रिंगा. नंतर पुली. १९९१च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. पुलीच्या मधल्या भागावर समोरून चार खाचा दिसल्या तर ते आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड टोकावर बोल्ट सैल झाला की चावीची खाच हळूहळू रुंद होते, क्रँकवरचा दात मागे सरकतो आणि टायमिंग आपोआप उशिरा होत जातं. इंजिन चालू असताना पुलीकडे बाजूने बघा. ती डुलत असेल तर जगातला कुठलाही मॅप त्या इंजिनाला वाचवू शकत नाही. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगतो, कारण पुढचं सगळं टायमिंगवर उभं आहे.

हेडच्या मागच्या बाजूला कॅम अँगल सेन्सर असतो, क्रँक आणि कॅम दोघांची खबर हा एकटाच देतो. त्याची ओ-रिंग कडक होऊन तेल गळतं. सेन्सर काढायचाच आहे, तर रिंग बदलून घ्या. काढण्याआधी जागेची खूण मात्र करा.

आता अर्थिंग. या गाडीची बॅटरी डिकीत आहे, म्हणजे परतीचा करंट अख्ख्या बॉडीतून जातो. मल्टिमीटर व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं लांब वायरने इंजिन ब्लॉकला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्रत्येक अर्थ पॉइंट उघडून पत्रा चमकेपर्यंत घासा. खाडीकाठच्या दमट हवेत हे पॉइंट वरून ठीक दिसतात आणि आतून हिरवे झालेले असतात. ईसीयूच्या स्वतःच्या अर्थवर इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टही जास्तच. सेन्सरची अर्थ वायर मात्र बॉडीला कधीच जोडू नका, ती थेट ईसीयूकडेच जाऊ द्या.

पाणी ही आपल्याकडची खास अडचण. सॉफ्ट-टॉपच्या मागे पाणी वाहून जायला नळ्या आहेत, त्या पानं आणि मातीने तुंबतात आणि पाणी कार्पेटखाली उतरतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डबा तिथेच पायांपाशी! माझा पहिला मूळ ईसीयू असाच गेला. कार्पेट वरून कोरडं होतं, खालचा फोम स्पंजासारखा भिजलेला. म्हणून नळ्या तारेने साफ करा, वरून बादलीभर पाणी ओता आणि ते गाडीच्या खालून बाहेर येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी तर सगळं वेळापत्रकच असं बांधतो: जून ते सप्टेंबर गाडी तशीही उभी असते, तेव्हा तपासण्या आणि खरेदी, वायरिंग उघडायचं ते ऑक्टोबरच्या उन्हात.

खरेदीत आधी ठरवा की काय काढताय. १.६ला हवा मोजणारा जो झडपेचा मीटर आहे, तो काढून मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा, वरच्या मॅपशी याचा संबंध नाही) लावला की हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही त्याच्याबरोबर जातो, कारण तो मीटरच्या आतच असतो. म्हणजे वेगळा सेन्सर हवा, आणि त्याची जागा रेडिएटरच्या गरम झोतापासून लांब हवी. घोडबंदर रोडवर वाघबीळच्या पुढे अर्धा तास गाडी जागची हलली नाही की बॉनेटखाली काय भट्टी पेटते, हे इथल्यांना सांगायला नको. मॅन्युअल गिअरच्या १.६च्या थ्रॉटलवर फक्त स्विच असतो. पाय काढलाय की पूर्ण दाबलाय, एवढंच तो सांगतो. मधलं सगळं कळायला बदलता सेन्सर आणा. मॅप सेन्सरची नळी थ्रॉटलनंतर, तिला दुसरी कुठली फांदी नको. रेडिएटर फॅन थर्मोस्विचवर चालत असेल तर त्याला हात लावू नका. पिना, उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या, फ्यूज, रिले हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. मोजून लागतील त्याच्या दीडपट घ्या. गाडीचे खास सेन्सर मात्र बाहेरून मागवावे लागतात, आणि कस्टम्सचे दिवस धरूनच तारीख ठरवा.

मूळ लूम (वायरिंगचा जुडगा) कापू नका. एका गॅरेजमध्ये माझ्या मित्राच्या गाडीचा लूम पहिल्याच दिवशी पक्कडने कापला गेला आणि जुना ईसीयू परत लावून तपासायची वाट कायमची बंद झाली. अ‍ॅडॅप्टर लूम बनवा: एका बाजूला जुन्या ईसीयूचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला नव्याचा कनेक्टर. वायरमनकडून करून घेणार असाल तर त्याच्या शेजारी बसा, पिनांचा कागद तुमच्या हातात असू द्या आणि प्रत्येक जोड क्रिम्पच (पक्कडने दाबून पक्का) करा असा आग्रह धरा. लूम बनला की कनेक्टर न लावता प्रत्येक पिनवर मीटर फिरवा. बारा व्होल्ट चुकून सेन्सरच्या पाच व्होल्टवर गेले तर पैसे धुरात जातात.

वाइडबँड सेन्सरची (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणाऱ्याची) जागा कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर, नाहीतर एक्झॉस्टच्या पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर पडून तो तडकतो. आणि लॅपटॉपवर एअर-फ्युएल रेशो न बघता लॅम्डा (हे प्रमाण त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या किती पट, तो आकडा) बघा. शुद्ध पेट्रोलचं १४.७ सगळ्यांच्या तोंडी आहे, पण आता पंपावर मिळणाऱ्या ई-२०चा (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा) आकडा सुमारे १३.५ आहे. जुन्या आकड्यावर ट्यून केलं तर गोंधळ, लॅम्डा १ मात्र दोन्हीकडे १च. इंधन आठ-नऊ टक्के जास्त लागतं, तेव्हा पंपाचा दाब आणि इंजेक्टरची क्षमता आधीच मोजा. तीस वर्षांचे रबरी पाइप याच वेळी बदला, इथेनॉल त्यांना सोडत नाही.

पहिला स्टार्ट घाईत नको. इग्निशन चालू, इंजिन बंद: ठाण्यात मॅप सेन्सरने १०० ते १०१ किलोपास्कल दाखवायला हवेत. पंच्याण्णव दिसले तर कॅलिब्रेशन चुकलंय. गार इंजिनावर पाण्याचं आणि हवेचं तापमान सारखं दिसलं पाहिजे. मग सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग दहा अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइटने पुलीवर तेच दहा दिसतात का बघा. दिसेपर्यंत गाडी जागेवरून हलवू नका. कॉइलचा ड्वेल (ठिणगीआधी चार्ज होण्याचा वेळ) आणि इंजेक्टरचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) अंदाजाने भरू नका.

इंधनाचा मॅप रस्त्यावर हळूहळू जमतो, पण लॅपटॉप शेजारच्या माणसाच्या मांडीवर, चालवणाऱ्याच्या नव्हे. टायमिंग मात्र डायनोवरच (गाडी रोलरवर जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र), नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकणारा माणूस जवळ ठेवून. एसी लावून आयडल बसवायला विसरू नका, मे महिन्यात तेच रोज लागतं. घाटात जाणार असाल तर बॅरो करेक्शन (बाहेरच्या हवेच्या दाबानुसार होणारी दुरुस्ती) चालू आहे ना बघा. लोणावळ्याला, सुमारे ६०० मीटरवर, हवेचा दाब सहा-सात टक्के उतरलेला असतो.

कागदपत्रांत आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत तफावत नको, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे. कॅट काढू नका. काम सुरू करण्याआधी एकदा पीयूसी करून तो कागद जपा आणि ट्यूनिंगनंतर पुन्हा करा. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे. ती ओलांडली गेली तर आयडलचा मॅप जाड (इंधन जास्त) आहे, तिथे परत जा. जुना ईसीयू सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, अ‍ॅडॅप्टरच्या पिनांचा नकाशा त्याच डब्यात, आणि डबा घराच्या माळ्यावर नको, डिकीत बॅटरीशेजारी.