एमजीबीत व्ही-एट बसवण्याआधी

एमजीबी ही ब्रिटनच्या एमजी कंपनीची जुनी छोटी स्पोर्ट्स कार. तिच्यात रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवायचं असेल, तर आधी गाडी ठरवा, इंजिन नंतर. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती आणि पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे तिथे ती आजही सहज मिळते. प्रश्न असतो कुठल्या गाडीला हात लावायचा याचा. दाराला ओढायची मूठ असलेल्या १९६५ पर्यंतच्या गाड्या आणि मूळ क्रमांकाचं इंजिन जागेवर असलेल्या धडधाकट गाड्या जशा आहेत तशाच राहू द्या. मूळ इंजिन कधीच बदललेलं आहे किंवा १९७४ च्या अखेरीनंतरचा रबरी बंपर आहे, अशी गाडी या कामाला घ्या. रबरी बंपरवाल्यांना शौकिनांत भाव कमी, पण आपल्याला त्याच सोयीच्या. व्ही-एटसाठी कारखान्याने बोनेटखालचा पत्रा बदलला होता आणि तोच पुढे साध्या गाड्यांनाही आला. क्रोम बंपरच्या गाडीत आतले मडगार्ड थोडे कापावे लागतात, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ठोकून मागे घ्यावी लागते आणि रेडिएटर पुढे सरकवावा लागतो. जमतं, पण वेल्डिंगवाला चांगला हवा.

इंजिन मोठं म्हणजे कुठलंही मोठं नव्हे. एमजीनेच १९६७ मध्ये याच बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं लोखंडी इंजिन घातलं, ती एमजीसी. नाक जड झालं, वळणावर गाडी सरळ जाऊ पाहायची, आणि १९६९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. रोव्हरचा व्ही-एट वेगळा. मुळात तो अमेरिकेतल्या ब्युइकचा. रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि १९६७ पासून तो आपल्या गाड्यांत बसवला. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि त्यावरचं हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून सीसी जवळजवळ दुप्पट असूनही वजन एमजीबीच्या १७९८ सीसी लोखंडी इंजिनाच्या आसपासच. केन कॉस्टेलो या ब्रिटिश गाडी-बांधणाऱ्याने आधी अशा गाड्या करून दाखवल्या, मग १९७३ मध्ये कारखान्याने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-एट आणली: ३५२८ सीसी, १३७ हॉर्सपॉवर, १९३ पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर). साध्या एमजीबीचा टॉर्क सुमारे ११०. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या निघाल्या, सगळ्या बंद टपाच्या. म्हणजे या कामाचं उत्तर कारखान्याने आधीच काढून ठेवलेलं आहे. शक्य तिथे तेच करा.

आता क्रमाचं बोलू, कारण बहुतेक कामं इथेच अडतात. लोक तयार इंजिन आणतात, ते कोपऱ्यात झाकून ठेवतात आणि दोन वर्षं गाडीच तयार होत नाही. तोवर इंजिनाची हमी संपते, सिलिंडरला गंजाचा पातळ थर येतो, खिशातले पैसेही संपलेले असतात. माझं ठाम मत आहे: मापासाठी भंगारातला रिकामा ब्लॉक आधी आणा, आणि चालायचं इंजिन सर्वांत शेवटी बांधा.

गाडी हाती आली की पहिलं काम सिलचं, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीचं. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळं पेलते, आणि उघड्या टपाच्या गाडीत तर दाराखालचे सिल हाच तिचा कणा. बाहेरून रंगवलेला सिल चकचकीत दिसतो, आतल्या पत्र्याची चाळण झालेली असते. गालिचा उचला, आतल्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वरून खालपर्यंत मोजून लिहून ठेवा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधून खचलेली आहे. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवी पट्टी वेल्ड करा, नाहीतर कापलेल्या जागेत बॉडी बसेल आणि नंतर दार लागणार नाही. हे पूर्ण झाल्याशिवाय पुढचा एकही भाग विकत घेऊ नका.

त्यानंतर ब्रेक. कारखान्याने व्ही-एटला जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले, तुम्हीही निदान तेवढं द्या. ब्रेकचे रबरी होज वरून चांगले दिसले तरी नवे घाला, जुने आतून फुगलेले असतात. तारांची चाकं कितीही देखणी असली तरी मोह आवरा. व्ही-एटला ती कारखान्याने दिलीच नव्हती, आणि एवढा टॉर्क झेलताना हबवरचे दाते झिजतात. मागचे स्प्रिंगचे पाटे दबून गेलेले असतील तर तेही आत्ताच बदला.

मागचा अ‍ॅक्सल लोक विसरतात. साध्या गाडीचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे फेरे) ३.९०९, व्ही-एटचं ३.०७. जुनंच ठेवलंत तर पहिला गिअर टाकून हलता हलता दुसरा टाकावा लागेल आणि हायवेवर इंजिन विनाकारण ओरडत राहील. ३.०७ चा क्राउन आणि पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधली दातेरी जोडी, महाग पडतो, पण हा खर्च टाळू नका. गिअरबॉक्सला मात्र कारखान्याची वाट सोडलेली बरी. त्यांनी चार गिअर आणि ओव्हरड्राइव्ह ठेवला. रोव्हरच्या एसडी-वन या गाडीचा पाच गिअरचा डबा जास्त दणकट आणि मिळायलाही सोपा. स्पीडोमीटर नव्या गुणोत्तराप्रमाणे जुळवून घ्यायचं आहे, हे इथेच लिहून ठेवा, नाहीतर राहून जातं.

आता तो रिकामा ब्लॉक बाहेर काढा. पिस्टन, क्रँक काही नको. हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्सचा मोकळा डबा लावून क्रेनने खाली सोडा. एकट्याला उचलता-ठेवता येतो, म्हणून दहा वेळा वरखाली करायला कंटाळा येत नाही. अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली स्टिअरिंगच्या दांड्याची: त्याचा जोड मॅनिफोल्डला घासतो. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा आणि सगळीकडे बोटभर फट राहील असं बघा, कारण चालू इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. मॅनिफोल्ड आतल्या मडगार्डमधून बाहेर काढण्याची पद्धतही आहे. त्याने बोनेटखालची उष्णता पुष्कळ उतरते, पण पत्र्याला भोकं पडतात. दुसरी जागा बोनेटची. कार्बोरेटरवर मऊ मातीचा गोळा ठेवा, बोनेट हळूच लावा, उघडा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. एसडी-वनचं इनलेट मॅनिफोल्ड उंच पडतं. कारखान्याने दोन्ही एसयू कार्बोरेटर मागे फायरवॉलकडे नेले ते याचसाठी. माउंटिंग आधी नुसत्या टाक्यांवर धरा, पक्कं वेल्डिंग सगळी मापं जुळल्यावर. प्रॉपेलर शाफ्टची लांबी जॅकवर मोजू नका. गाडीचं वजन चाकांवर असतानाच मोजा, आणि सरकत्या जोडात थोडी जागा सोडा.

रेडिएटर, त्याच्यापुढे दोन इलेक्ट्रिक पंखे, जाड वायर, स्टार्टरच्या वायरीवर उष्णता रोखणारं वेष्टण, वेगळा बसवलेला ऑइल फिल्टर: हे सगळं आता लागेल.

मग इंजिन. ३.५ लिटरचं घ्या, असं मी सांगेन. ३.९, ४.० आणि ४.६ लिटरची बाहेरून तशीच बसतात आणि ताकदीची भूल पडते, पण त्यांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ ऐवजी ९४ मिलिमीटर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीमागची, लायनरमागची, भिंत पातळ. तिथे तडा गेला की कूलंट कमी होत जातं आणि कारण सापडत नाही. घ्यायचंच असेल तर ब्लॉकची प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदांचं काम इंजिन बसण्याआधी. ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्याचं, त्याचा क्रमांक आणि सीसी डीव्हीएलएला (तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला) कळवावं लागतं, आणि विमा कंपनीला आधी सांगितलं नाही तर अपघातानंतर हात वर होतात. पुण्या-मुंबईत बसून असाच बेत करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. आरटीओत लेखी विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. काढलेलं मूळ इंजिन विकू नका. सिलिंडरमध्ये तेल सोडा, सगळी तोंडं बंद करा आणि क्रमांकाची पट्टी दिसेल असं ठेवा.

पहिल्या स्टार्टच्या तयारीला घाई नको. डिस्ट्रिब्युटरवाल्या या इंजिनांचा ऑइल पंप पुढच्या कव्हरमध्ये, तेलाच्या पातळीच्या बराच वर असतो, आणि कोरडा असला तर तेल ओढतच नाही. कव्हर उघडा, पंपाच्या दातांत पेट्रोलियम जेली ठासून भरा, कुठेही पोकळी राहू देऊ नका. मग डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून ड्रिलला लावलेल्या दांड्याने पंप फिरवा. सुरुवातीला ड्रिल मोकळं फिरतं. तेल धरलं की हाताला एकदम जड लागतं आणि तेलाच्या दाबाच्या गेजचा काटा चढतो. तो चढल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्लगच्या वायरी १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने लावा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. कॅमशाफ्ट नवा असेल तर झिंकचं प्रमाण जास्त असलेलं तेल भरा. कूलंट, पेट्रोल, टायमिंग सगळं आधीच बघून ठेवा, कारण इंजिन लागलं की वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वरच धरायचं आहे, आयडलवर सोडायचं नाही. या वेळात एकाने गेजवर नजर ठेवावी, दुसऱ्याने आग विझवायचं सिलिंडर हाताशी घेऊन बोनेटजवळ उभं राहावं. मग बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, तेल आणि फिल्टर बदला, आणि खालून एकेक जोड टॉर्च लावून बघा.